मानेवरचे केस

आई,

तुला कुत्र्यांचं कौतुक कधीच नव्हतं. खानावळीच्या दारात एखादं घुटमळलं की तू लाटणं दाखवायचीस, आणि शेवटची पंगत उठली की त्याच कुत्र्यासाठी उरलेली भाकरी आमटीत कुस्करून मागच्या पायरीवर ठेवायचीस. आज तुला सांगायचं आहे ते हे की आपल्या घरात आता एक कुत्री आहे. घर म्हणजे लालबागची ती खोली नाही. चाळ पाडली, तिथेच टॉवर झाला, आणि मला तेराव्या मजल्यावर जागा मिळाली. समुद्राचा एक तुकडा दिसतो. तू गेल्यापासून मी एकटीच राहत होते आणि त्याची इतकी सवय झाली होती की कुणी विचारलं तर खरोखरच 'छान चाललंय' म्हणायचे.

मी शिवडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते. आमच्या गोदामामागे रिकाम्या पिंपांच्या आडोशाला ती पडलेली होती. वास आला म्हणून वॉचमन बघायला गेला आणि त्याने मला हाक मारली. गळ्यात तारेचा फास होता. कुणी, कशासाठी घातला देव जाणे. ती वाढत गेली आणि तार मांसात रुतत गेली. दोन टॅक्सीवाले तिला बघून निघून गेले. शेवटी आमच्याकडे माल भरायला आलेला टेम्पोवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही पुढे बसा. तिला मागे गोणपाटावर घेतो." परळच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी दर सिग्नलला मागे वळून बघत होते. तिने एकदाही आवाज केला नाही. तार काढल्यावर डॉक्टर बाई हात पुसत बाहेर आल्या. "जगेल. पण नेणार कोण हिला? आमच्याकडे जागा नाही, आणि परत गोदामात सोडलीत तर ही जखम काही भरायची नाही." मी म्हणाले, "मी नेते." आई, हे मी ठरवून म्हणाले नाही. तोंडातून निघून गेलं.

घरी आणली तर ती पलंगाखाली शिरली ती बाहेरच येईना. ताटली ठेवली की माझ्याकडे बघत राहायची, आणि मी बघतेय तोवर खायची नाही. मी आपली गोड बोलून बघतेय, हाताने भरवून बघतेय. दूधभात, उकडलेलं अंडं, बांगड्याचा तुकडा, सगळं तसंच. डॉक्टर बाई फोनवर म्हणाल्या, "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर सलाइनला आणा." त्या संध्याकाळी मी ओट्याशी उभी होते आणि मला आपल्या खानावळीत जेवायला येणारा, गिरणीत मागावर काम करणारा तो साचेवाला आठवला. त्याचा मुलगा गावी तापाने गेला होता. जेवायला बसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागायचं. मी लहान होते, आमटी वाढताना विचारलं, "काका, तुम्ही का रडता?" तू मला दंडाला धरून आत ओढलंस. "जेवणाऱ्याक काय इचारू नये गो. वाढूचा आणि गप ऱ्हवाचा." मग तू सुपात तांदूळ घेतलेस आणि उंबऱ्यात, त्याच्याकडे पाठ करून, निवडत बसलीस. रोज बसायचीस. तो जेवायचा. नंतर कधीतरी एका दुपारी तो आपणहून मुलाबद्दल बोलायला लागला, आणि तू तरीही मान वळवली नाहीस, नुसतं "हूं, हूं" करत राहिलीस.

मी ताटली पलंगाशी ठेवली आणि जमिनीवर पाठ करून बसले. हातात निवडायला काही नव्हतं म्हणून कपड्यांच्या घड्या घातल्या. बऱ्याच वेळाने मागे जिभेचा आवाज आला, लपलप, लपलप. मी वळले नाही. असे किती दिवस गेले कोण जाणे. एकदा खाऊन झाल्यावर माझ्या पाठीला काहीतरी उबदार टेकलं आणि तसंच राहिलं. आई, तुला स्मशानात पोचवून आल्यावरसुद्धा मी चारचौघांत रडले नव्हते. त्या दिवशी रडले. ती हलली नाही.

पुढचं सगळं तिने केलं, मी फक्त सोबत गेले. दवाखान्यात जखम दाखवायला नेलं होतं तेव्हा बाकावर एक म्हातारे गृहस्थ आपल्या आजारी मांजरासाठी डोळे टिपत होते. ही सरळ उठली आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. पलीकडे बसलेली एक तरुण मुलगी बघत होती. ती कुत्र्यांना शिकवून आजारी माणसांच्या भेटीला नेते. म्हणाली, "काकू, हिला दादरला आणाल का आमच्याकडे? हे शिकवून येत नाही." भेटींना नेण्याआधी ते कुत्र्याची परीक्षा घेतात; पहिल्या परीक्षेत आम्ही नापास झालो. व्हीलचेअर, गर्दी, पडलेलं भांडं, कशालाच ती घाबरली नाही, पण गळ्याला पट्टा लावताच थरथरायला लागली. मग मी ट्रंकेतलं तुझं जुनं सुती लुगडं काढलं, धुऊन मऊ झालेलं, आणि त्याची घडी शिवून छातीवरून जाणारा पट्टा केला. तो तिने घालून घेतला.

आता दर शनिवारी आम्ही परळच्या एका धर्मशाळेत जातो. गावाकडून कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेली मुलं तिथे आईबापांबरोबर राहतात. साताऱ्याकडची एक मुलगी होती. केस गेल्यापासून डोक्यावरची टोपी काढायची नाही, कुणाशी बोलायची नाही, घास घ्यायची नाही. ही तिच्या खाटेशी जाऊन बसली. मुलगी बराच वेळ तिच्या मानेकडे बघत होती. तिथे जखमेच्या जागी गोल, गुळगुळीत वळ आहे.

"हिचे केस औषधाने गेले?"

"नाही. तारेने."

"परत येणार?"

तिची आई खाली बघत होती. मला खोटं बोलायचा मोह झाला. म्हणाले, "तिचे नाही येणार. तुझे येतील."

"मग हिला टोपी का घालत नाही?"

"तिला नको असते."

तिने विचार केला. मग टोपी काढून उशीवर ठेवली आणि वाकून त्या वळावर हात फिरवला. थोड्या वेळाने म्हणाली, "आये, भात हाय का?" तिच्या आईची धावपळ उडाली. मी खाटेकडे पाठ केली आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत उभी राहिले.

ती मुलगी बरी होऊन गावी गेली. मागे तपासणीला आली तेव्हा डोक्यावर बोटभर केस होते आणि तोंडाला खळ नव्हता. सगळीच मुलं अशी परत येत नाहीत, आई. एकदा एका रिकाम्या खाटेपाशी ही जाऊन बसली आणि उठेना. मीही तिला उठवलं नाही. दोघी बसून राहिलो.

लोक माझं कौतुक करतात, किती मोठं काम करता म्हणतात. मला ओशाळायला होतं. मी आयुष्यभर समजत होते की तू मला स्वयंपाक तेवढा शिकवलास, आणि तोही मला धड येत नाही. माणसाजवळ बसायचं कसं, हे तू कधी शिकवलंस ते मला कळलंच नव्हतं. तेवढ्यासाठी हे लिहायला घेतलं.

पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. पण खरं सांगते, हे सगळं मी आत्ता तिला मोठ्याने वाचून दाखवलं. साचेवाल्यापर्यंत आले तेव्हा ती झोपून गेली होती. मी तरी शेवटपर्यंत वाचलं.