बर्फाच्या पेटीतला नमुना

पुणे, १२ जानेवारी २००९

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, गोळ्या वेळेवर घेते. तुझ्या पायाची जखम भरली का? इतके दिवस का लागतायत?

फोनवर म्हणालीस, "माज्या हातचा गोड खावन तुका डायबेटीस झालो." पुन्हा असं म्हणू नकोस. इथल्या संशोधक बाई सांगतात, आतड्यातल्या जीवाणूंचा समतोल बिघडला की शरीराची रोगाशी लढणारी फौज उगाच चवताळते, आत बारीक सूज राहते आणि इन्सुलिनचं काम अडतं. अजून पक्कं नाही. म्हणून त्यांना मधुमेही मायलेकींच्या शौचाचे नमुने हवेत.

मी माझा दिला, आता तुझा हवा. तुझा लेक रविराज फोनवर ओरडला, "आवशीचो गू पुण्याक व्हरतलंस? लोक हसतले गो!" हसू देत. त्याची बायको तुला चारचौघांत खादाड म्हणते, तेव्हा कुठे जाते त्याची लाज?

शनिवारी आचऱ्याला येते. तू सुरमई ज्यात पाठवतेस तसली बर्फाची पेटी नमुन्यासाठी मीच आणीन. नको म्हणालीस तर ऐकेन. पण तो नकार तुझा असू दे, रविराजचा नको.

तुझीच,
दुर्गा