गुळवेलीवरचे डोळे

५ सप्टेंबर १९७३

सापडल्या! आणि कुठे, तर आमच्याच दारात! दोन महिने रानोमाळ हिंडले, दोन साड्या काट्यांत फाडल्या, आणि या बाया आमच्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीवर आरामात जेवत होत्या.

सात अळ्या. ऑथ्रिस पतंगाच्याच – पुस्तकातल्या चित्राशी तीनदा ताडून पाहिल्या. मखमली, काळपट तपकिरी, दोन्ही अंगांना दोन-दोन खोटे डोळे, भोवती पांढरं-पिवळं कडं. बोट लावलं की डोकं पोटाखाली आणि मागचं टोक वर. आमची आत्या रुसली की अगदी अशीच बसते.

एम.एस्सी.चा प्रबंध वाचला एकदाचा!

६ सप्टेंबर

प्रबंध रस्त्यावर पडला होता. बाबांनी दोन अळ्या चिमट्यानं उचलून फेकल्या. धावत जाऊन आणल्या, एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

"काहून वं सुहास? माह्या औषधाले कीड लागली अन् तू तिले जेवू घालून राहिली?"

बाबांचंही खरं आहे. आई गेल्यापासून ही वेल म्हणजे त्यांचा दरबार. सकाळी सहापासून सक्करदऱ्यातली निम्मी वस्ती दारात. कुणाला ताप, कुणाला साखर, कुणाचे सांधे. प्रत्येकाला बोटभर कांडी आणि तासभर गप्पा. तीस वर्षं पोस्टात टपाल वाटलं, अजून वाटतच आहेत. पण हट्टी! भयंकर हट्टी माणूस.

शेवटी तह झाला. खालच्या पाच फांद्या माझ्या, वरची वेल त्यांची.

९ सप्टेंबर

तह मोडला. अळ्यांनी.

१८ सप्टेंबर

अळ्यांचे कोष झाले. पानाला पान रेशमानं शिवून आत निजल्यात. पाच मोजून बरणीत ठेवले, सातवी बेपत्ता. सहावा कोष शेजारच्या कांताबाईंच्या काढ्यात सापडला. बाबांनी पानांसकट कांडी दिली, त्यांनी न पाहताच पातेल्यात घातली.

"देवरावभाऊ, यात हे काय होय गा?" पातेलं घेऊन दारात उभ्या. अर्धा पेला पोटात गेलेला.

मी तोंडाला पदर लावून मागे पळाले. संध्याकाळी निरोप आला – ताप उतरला, उद्या तसलीच कांडी पाठवा!

२४ सप्टेंबर

गोविंदकाका आले सावनेरहून. बाबांचे धाकटे भाऊ. तिथे त्यांची संत्र्याची बाग. काकांनी पिशवी उलटी केली – पंधरा-वीस संत्री, अर्धवट पिवळी, प्रत्येकाला सुईनं टोचल्यासारखं भोक आणि भोवती सडका डाग.

"बाबनराव टोचून राहिला! रोज सकाळी खाली सडा पडते."

बाबनराव म्हणजे त्यांच्या बांधाला बांध असलेला शेजारी. वीस वर्षं एका ताटात जेवलेली माणसं! आणि काकांनी त्याला भर बाजारात चोर म्हटलं.

मी म्हटलं, "काका, हे पतंगाचं काम आहे." काका इतके हसले की चहा सांडला. "फुलपाखरू संत्रं कसं टोचंल वं?"

मी सांगणार तेवढ्यात बाबांनी विचारलं, "अन् माही वेल कशी आहे?"

"दादा, अख्खं कुंपण भरलं! तुम्ही देलेल्या कांड्या तशाच लावल्या चहूबाजूनं."

बाबा असे फुलले! आणि मला सगळं उमगलं. अळी वाढते गुळवेलीवर, पतंग जगतो फळाच्या रसावर. म्हणजे काकांच्या बागेभोवती बाबांनीच पाळणाघर लावून दिलंय. सगळ्यांचं बरं व्हावं म्हणून!

भ्याले. कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

२ ऑक्टोबर

पहिला पतंग बाहेर आला. देखणा! पुढचे पंख वाळक्या सागाच्या पानासारखे, शिरा-डागांसकट. मिटून बसला की पाचोळ्यात शोधून दाखवा! आणि मागचे पंख – अहाहा – नारंगी, काळा काठ, मधोमध काळी कोयरी. असं लुगडं मिळालं तर मी आजच लग्न करीन.

अंग जाडजूड, पोट केशरी. भिंगाखाली सोंड पाहिली. टोकाला करवतीसारखे दाते. साध्या पतंगाची सोंड मऊ असते, मध पिण्यापुरती. ही साल फोडते.

बाबा डोकावले. "दिसाले तं चांगला आहे." आणि गेले. त्यांच्याकडून इतकं म्हणजे खूपच.

७ ऑक्टोबर

दसरा करून काकांबरोबर सावनेरला गेले. दिवे लागल्यावर बागेत. माझ्या हातात बॅटरी, काकांच्या हातात काठी – बाबनरावासाठी!

बॅटरी झाडावर मारली आणि निखाऱ्यासारखे डोळे चमकले. दहा, बारा, वीस. संत्र्यावर बसून सोंड आत घातलेली. काकांची काठी खाली आली.

"हे येतात कुठून वं?"

कुंपण हातभर अंतरावर होतं. गच्च गुळवेल. पानं चाळणीसारखी खाल्लेली.

मी म्हणाले, "रानातून."

खोटं! एवढं शिकून एका शब्दात खोटं! आणि काका काय म्हणाले – "रान तं बाबनरावच्याच अंगाले आहे. म्हणजे त्याच्याच झुडपातून येऊन राहिले. दिवाळीच्या आधी पेटवून देतो सगळं!"

मला वाटलं होतं मी बाबांना वाचवतेय. मी तर बाबनरावला दुसऱ्यांदा चोर केलं.

१० ऑक्टोबर

प्रबंधात 'अधिवास' हे प्रकरण लिहायला घेतलं. 'अळ्या कुंपणाच्या व रानकडेच्या वेलींवर, मुख्यतः गुळवेलीवर. पतंग दिवसा पाचोळ्यात, दिवस मावळल्यावर फळबागेत.' दोन ओळी. परीक्षकांना सांगायला सोप्या. बापाला नाही.

सकाळी बाबा कांताबाईंना सांगत होते, "माह्या भावाचं कुंपण पाहा एकदा जाऊन. हिरवंगार!" आवाजात आई असतानाचा बाबा ऐकू आला. मला रडूच आलं. उपाय साधा आहे, कुंपणावरची वेल उपटायची. पण ती उपटा म्हणून या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू?

आणि न सांगावं तर तिकडे बाबनरावची झुडपं पेटणार. उद्या सांगते.

११ ऑक्टोबर

उद्या.

१२ ऑक्टोबर

उद्या नक्की! दिवसभर कॉलेजात तोंडपाठ केलंय.

१३ ऑक्टोबर

सुहास, टेबलावर ही वही उघडी होती. वाचाले नको होती, वाचली. मी हट्टी नाही वं, तू लिहिलं तसा. पहिल्या मोटारीनं सावनेरले जाऊन राहिलो, कोयता संग घेतला. कुंपण मीच लावलं, मीच साफ करतो. गोविंदाले मीच सांगतो, अन् बाबनरावचे पायही मीच धरतो. दारची वेल ठेवली आहे. नाही तं तुह्या पुढच्या अळ्या उपाशी राहतील.

– बाबा