जपानी सिनेमातला वरचा सूर

बाबा, मी घाबरलो आहे. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखं इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण पुष्कळदा आली, पण तुमच्याशी बोलायची अशी निकड कधी भासली नव्हती. आज भासली, कारण हे ज्याला विचारावं असा दुसरा माणूस मला माहीत नाही.

सुरुवात एका जपानी सिनेमापासून झाली. हसू नका. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मांडीवर बसून तुमचे कान ओढणारी तुमची नात आता रायपूरला कॉलेजात जाते. रोज बस वाटेत कुम्हारीला अडकली की कानात संगीत लावून बसते आणि घरी येऊन आम्हाला त्यावर भाषण देते. गेल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं सुपेल्याच्या बाजारातून आणलेला नवा स्पीकर टीव्हीला जोडला, मला खुर्चीत बसवलं आणि दम दिला, "पप्पा, स्टोरी समझ में नहीं आई तो भी चालेल. म्युझिक आयका फक्त." गोष्ट साधीच होती. पन्नाशीचा एक माणूस समुद्राकाठच्या गावी येतो, मेलेल्या आईचं शिवणाचं दुकान आवरायला. कपाटं रिकामी करतो, कात्र्या कागदात गुंडाळतो. मागे एक खालचा, घुमणारा सूर चालू असतो, मोठ्या व्हायोलिनसारख्या कुठल्याशा वाद्याचा. बाबा, तो सूर सरळ माझ्या छातीत जाऊन बसला. भाषा कळत नव्हती, माणसं ओळखीची नव्हती, तरी तो सूर काहीतरी विचारत होता आणि ते मलाच विचारत होता असं वाटलं. तुम्ही गेल्यावर तुमची सामानाची पेटी मी आवरली होती तो दिवस आठवला.

मग तो माणूस आईच्या मशीनवर बसतो. सुईत दोरा ओवायला जातो, जमत नाही, पुन्हा जातो. तो खालचा सूर थांबला. तीन-चार मिनिटं नुसती खोली, खिडकी आणि त्याचे हात. आपल्याकडे अशा जागी पन्नास वाद्यं एकदम रडायला बसवली असती, आणि या लोकांनी चक्क काहीच वाजवलं नाही. त्या शांततेनंच माझे डोळे भरून आले. मी पोरीला म्हणालो, "काय शांतता ठेवली बाई त्यायनं. मानलं."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. तिचे गाल ओले होते. "शांतता? पप्पा, व्हायोलिन वाजून राहिलं ना. कब से."

आधी तिला थट्टा वाटली. माझा तसा लौकिकच आहे. तिनं ते मागे नेऊन पुन्हा लावलं. मी मान पुढे काढून बसलो. काही नाही. तिनं आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटी शेजारीण खिडकीत येऊन हातवारे करायला लागली. म्हणजे तिला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मला फार लांब कुठेतरी काही किणकिणल्याचा भास झाला, तोही मी ऐकला की पोरीच्या चेहऱ्यावरून ओळखला, सांगता येत नाही. तिनं टीव्ही बंद केला. माझ्या गुडघ्याशी बसून ती मला समजावून सांगू लागली, लहान मुलाला सांगावं तसं. "खालचा सूर म्हणजे तो मुलगा, पप्पा. वरचा म्हणजे त्याची आई. तो पूछता है, आन् ती सांगून राहिली त्याले. म्हनूनच तर रोना आता है." मला विचारणारा ऐकू आला होता. सांगणारी ऐकू आली नव्हती.

पोरीला वाटतं मी त्या सुरासाठी हळहळतोय. तेवढंच असतं तर मी इतका घाबरलो नसतो. मी तुमच्याच लोखंडाच्या मिलमध्ये आहे, तुमच्याच क्रेनवर. चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसतो, हुकाला टनावारी लोखंड लटकत असतं आणि खाली माणसं फिरतात. खालचा सिग्नलवाला हातानं खूण करतो, धुरात हात दिसला नाही तर शिट्टी मारतो. लांब शिट्टी म्हणजे जागीच थांब. आणि शिट्टीचा सूर बारीक असतो, बाबा. वरचा असतो.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी आमचा सिग्नलवाला शिफ्ट संपल्यावर शिडी चढून वर आला. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला माणूस, कधी वर येत नाही. म्हणाला, "भैया, तीन सीटी मारी मैंने. तीन." मी म्हटलं, पंखा खडखडतोय, बदलायला सांगतो. त्यानं मान डोलावली. तो भला माणूस आहे. पंखा चांगला आहे हे त्यालाही ठाऊक होतं, पण रविवारपर्यंत ते मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. त्या दिवशी हुकाखाली कोण होतं ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

मरोद्याच्या आपल्या स्वयंपाकघरात आई तुम्हाला हाक मारत नसे, पाय आपटत असे. जमिनीतून हादरा गेला की तुम्ही ताटावरून मान वर करायचात. आम्हाला ते इतकं सवयीचं होतं की शेजारच्या घरात बायका नवऱ्याला तोंडानं बोलावतात याचंच मला नवल वाटायचं. त्याच स्वयंपाकघरात तुम्ही एकदा भाकरी मोडता मोडता कानाच्या तपासणीची गंमत सांगितली होती. "टूं वाजलं का बटन दाबाचं असते. मले काई आयकू येत नाई. मी काचीत तपासनाऱ्याचा खांदा पायतो. खांदा हालला का दाबतो. फस्ट क्लास पास!" आई हसली, मी हसलो, तुम्ही तर ठसका लागेपर्यंत हसलात. तुमच्या हुकाखालीही माणसं होती, हे त्या दिवशी आपल्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही.

मी मिलला लागलो तेव्हा तुम्ही मला कानात घालायचे दोरीचे पिवळे बोळे दिलेत, तुमच्या चुन्याच्या डबीत घालून. महिनाभरानं ती डबी तशीच फळीवर दिसली तेव्हा केवढे तापला होतात. "कावून नाई घालत? शोभेले देल्ले का तुले?" मी तुमच्या तोंडासमोर येऊन ओरडून म्हणालो की ते घातले तर खालची शिट्टी ऐकू येत नाही. क्रेनवरचे सगळे असंच म्हणत, तुम्हीही जन्मभर तेच केलं होतं. तुम्ही माझ्या ओठांकडे पाहत राहिलात. मग म्हणालात, "आज आयकशीन रे. उद्या काय आयकशीन?" शिट्टी ऐकू यावी म्हणून मी कान उघडे ठेवले आणि त्यातच शिट्टी गेली. तुम्हाला हे सगळं माहीत होतं. बोलून दाखवण्यापलीकडे आणखी काय करता आलं असतं तुम्हाला, कोण जाणे.

आणखी एक गोष्ट आठवते. विहारात वंदना तुम्ही सांगायचात. मी शाळेत होतो तेव्हापासूनच तुम्ही म्हणण्यात मागे पडायला लागलात. एका रविवारी सगळ्यांची वंदना संपली, सगळे गप्प झाले आणि तुम्ही डोळे मिटून एकटेच म्हणत राहिलात. मागून कोणीतरी फिसकन हसलं. घरी येताना सायकल हातात धरून तुम्ही खुशीत म्हणालात, "आज लोक किती शांत बसले होते ना. आयकून राहिले होते."  गेल्या रविवारी पोरीसमोर शांततेचं कौतुक करताना माझा चेहरा तुमच्या त्या चेहऱ्यासारखाच दिसला असणार. आणि फिसकन हसलेलं पोरगं मीच होतो, बाबा.

दोन महिन्यांपूर्वी माझी तपासणी झाली. मी खांदा पाहिला. ठरवून गेलो नव्हतो, पण काचेत तो दिसला आणि बोट आपोआप बटणावर गेलं. फर्स्ट क्लास पास.

आज दुपारी दोनची शिफ्ट आहे. पोरगी दारात गाडी काढून उभी आहे, फोरमनच्या खोलीपर्यंत सोबत येते म्हणते. मला क्रेनवरून उतरवा, कान पुन्हा तपासा, मागच्या वेळी मी फसवलं होतं, एवढाच अर्ज लिहायचा आहे. खाली काय काम मिळेल, मिळेल की नाही, पोरीचं कॉलेज कसं निभेल, काही ठाऊक नाही.  आणि तुमच्यापासून काय लपवायचं, हा कागद मी अर्जासाठीच घेतला होता. दुसऱ्या बाजूला नुसतं 'महोदय' लिहून झालं आहे. त्यापुढे हात चालेना म्हणून कागद उलटून तुम्हाला लिहीत बसलो. पोरगी हाक मारत होती. मला ऐकू आली नाही, तिनं पाय आपटला तेव्हा कळलं.