गोलात एक दगड

१२ फेब्रुवारी १९८७, गुरुवार

आज मी शाळेच्या पोरींच्या कॅम्पला आले! कारखान्याच्या ट्रॉलीत बसून आमी बत्तीस पोरी आलो. सगळ्या रस्त्यानं गाणी म्हणत व्हत्या. मला एकबी गाणं येत न्हवतं, म्हणून नुसतं तोंड हलवलं.

दोन वर्सं झाली, तळ्यात थेंब न्हाई. म्हणून तळ्याच्या पोटातच तंबू ठोकलेत. जमीन अशी भेगाळलीय की वाटी सांडली तर भेगंत जाती. पाणी कारखान्याच्या टँकरचं. दिवसाला पोरीमागं दोन तांबे.

शाळेच्या चंद्रभागाबाई म्हणल्या, हरेकीनं रोजनिशी लिहायची, शेवटच्या दिशी तिच्यावर शिक्का बसतो. म्हणून लिहायले. सहावीतून शाळा सुटली त्याला तीन वर्सं झाली. अक्षर वाकडं येतंय, पण येतंय.

खरं म्हणजे यादीत माझं नावच न्हाई. आमच्या शेवंती पथकाला आठ पोरी लागतात, त्यातली मनकर्णा म्हणून एक कमी पडली. ती गेवराईला मावशीकडं गेली म्हणं. एक कमी पडली तर आख्ख्या पथकाला सर्टिफिकेट न्हाई. म्हणून चंद्रभागाबाई परवा आमच्या कोप्यांवर आल्या. आमी ऊसतोडीचे, कारखान्याच्या मागं पाचटाच्या कोपीत राहतो. बाई आईला म्हणल्या, सहा दिवस हिला मनकर्णा होऊ द्या, जूनला मी हिचं नाव सातवीत घालते, वसतिगृहात ठेवून घेते. दादा कोयत्याला धार लावत व्हते, ते थांबले. आई म्हणली, जा तू. धाकट्याला मी फडात नेते, झोळी बांधते.

बाईंनी बजावलंय, तुझं नाव कुणाला सांगू नको, मलाबी जूनलाच सांग, तोंडातून गेलं तर सगळंच गेलं. पथकातल्या पोरींना ठावं हाय की मी ती न्हाई, पण नाव कुणी विचारलंबी न्हाई. हितं बारीक अक्षरात लिहून ठेवते.

बायना.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी गाठी मारायला शिकवल्या. मला सगळ्या येत व्हत्या, कोपी बांधायला तसल्याच लागतात. आमचा तंबू पहिला ताणला. छबू आमच्या पथकाची पुढारीण. ती म्हणली, "ए कोपीवाली, हळू वढ गं, तंबू हाय ह्यो, कोपी न्हाई!" सगळ्या हसल्या. मीबी हसले. मंग त्या पाण्याला गेल्या अन् मी एकटीच तंबूपाशी राहिले.

दुपारी मागाच्या खुणा शिकवल्या. दगडाचा बाण म्हणजे इकडं चला. फुली म्हणजे इकडं येऊ नका. चौकोनात आकडा अन् बाण, म्हणजे तितक्या पावलांवर चिठ्ठी हाय. अन् दगडांचा गोल, मधी एक दगड, म्हणजे मी घरी गेले. खेळ तिथं संपला.

मला ह्ये लई आवडलं. आमच्या गाड्या तोडीला जातात तवा दादा फाट्यावर दगडाखाली हिरवी डहाळी ठिवतात, मागच्या गाड्यांना वाट कळावी म्हणून. मी हात वर करून ते सांगणार व्हते. न्हाई केला.

मनकर्णाची पिशवी मला दिलीय. आत फणी, लाल रिबिनी, शेंगदाण्याचा अर्धा लाडू. ही वहीबी तिचीच, पुढची पानं फाडलेली. मावशीकडं जाताना फणी कावून टाकून गेली असंल?

सांजच्या हजेरीला बाईंनी "मनकर्णा" म्हणलं अन् मी इसरलेच. पण "हजर" आलं. माझ्या मागून. मला वाटलं, छबूनं सांभाळून घेतलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी छबूला म्हणलं, काल माझ्या जागी तू बोललीस, बरं केलंस. ती म्हणली, मी कशाला बोलू, तुला जीभ न्हाई का?

हजेरीला मी रांगंत शेवटची असते. माझ्या मागं कुणी नसतं.

आज बाण हुडकायचा सराव झाला. आमच्या तंबूपसून एक माग निघाला, नीट, सारख्या अंतरावर. मी त्याच्या मागं मागं गेले. कडू लिंबापसून खाली, तळ्याच्या मधोमध. तिथं काट्यांचा मोठा ढीग हाय. टँकरवाले आसाराममामा लांबून वरडले, "ए पोरी, मागं फिर! बुडीतली विहीर हाय ती, कडा ढिल्या झाल्यात!" तळं व्हायच्या आधी तिथं कुणाचं तरी शेत व्हतं म्हणं, त्या शेतातली विहीर.

परत येऊन बाईंना इचारलं, त्यो माग कुणी टाकला. बाई म्हणल्या, आजचा माग पाळूवर, तळ्याच्या बांधावर व्हता. खाली कुणालाच पाठवलं न्हवतं.

फणीत केस हाय. माझा न्हाई, माझे आखूड हायत. काल न्हवता.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज जाई अन् मी राखेनं पातेली घासत व्हतो. जाई पथकात सगळ्यात लहान, तिच्याशी बोलता येतं. मी इचारलं, मनकर्णा कशी व्हती गं. तिचा हात थांबला.

तिनं जे सांगितलं ते तसंच लिहिते. मागच्या शनिवारी बाई पथकाला सरावाला हितंच घेऊन आल्या व्हत्या. माग टाकायचं काम मनकर्णाचं. नियम असा की शेवटची खूण करायची, तिच्यापसून वीस पावलांच्या आत लपायचं, अन् बाकीच्यांनी हुडकेपर्यंत हालायचं न्हाई. पोरी माग काढत खाली गेल्या. गोल सापडला, मधी दगड. मनकर्णा न्हाई. ऊन लई व्हतं, पाणी संपलं व्हतं, ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवायला लागला व्हता. छबू म्हणली, लिहिलंय की, घरी गेले म्हणून. सगळ्यांनी ते मानलं. बाईंनीबी मानलं. दोन हाका मारल्या अन् निघाल्या.

"खूणच तशी व्हती की गं," जाई म्हणली. चारदा म्हणली.

मनकर्णाच्या घराला कुलूप हाय. मायबाप तोडीला कर्नाटकात. बाईंनी गेवराईला मावशीला पत्र टाकलंय. उत्तर अजून यायचंय.

म्हणजे आठ दिवस झाले, तिची वाट बघणारं कुणीच न्हाई.

जाईनं शपथ घातलीय, कुणाला बोलू नको.

सांजच्याला हजेरी. मी तोंड उघडायच्या आत "हजर" झालं. बाईंनी टिक केली. जाईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तंबूच्या दारात चौकोन. आत चार. बाण आमच्याच तंबूकडं.

चार पावलं म्हणजे माझं अंथरूण.

उशाखाली कागद व्हता. ह्याच वहीतलं फाटकं पान, मातीनं कडक झालेलं. वर फक्त,

मी हितं हाय. हुडका.

मी बाईंच्या तंबूपर्यंत गेले. खरंच गेले. बाई उद्याची यादी लिहीत व्हत्या. उद्या मैदानी खेळांचा शेवटचा दिवस, कारखान्याचे चेअरमनसाहेब येणार, सर्टिफिकेटं वाटणार. वर न बघता म्हणल्या, "मनकर्णा, उद्याचा माग तू टाकायचास. नीट कर हां. जूनचं माझ्या ध्यानात हाय."

मी हो म्हणले.

कागद मुठीत व्हता. बोलले असते तर कॅम्प मोडला असता. पोलीस आले असते, ही कोण पोरगी, यादीत न्हाई, हिला कुणी आणली. सातवी गेली असती. मी इचार केला, एकच दिवस. नऊ गेले तिचे, अजून एक. सर्टिफिकेटं झाली की सांगते.

कागद वहीत घालून ठिवला.

दुपारी सगळ्या पोरी खो-खो खेळायल्या. मला कुणी बोलावलं न्हाई. भेगाळल्या जमिनीवर बसून मी लांबून बघत व्हते. मला वाटलं, शेजारी कुणीतरी बसलंय अन् तेबी बघायलंय. मान वळवली न्हाई. लई येळ तसंच बसलो, दोघी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ

आज गोल तंबूच्या आतच. माझ्या पायाशी. मधला दगड वला.

हितं वला दगड कुठून –

मी ठरवलंय. माग थेट विहिरीवर न्यायचा. पाळूवर न्हाई. पोरी येतील, बाई येतील, काटे बाजूला करतील, तिला बघतील. मला बोलायला लागायचं न्हाई. खूण बोलंल. सातवीबी राहील कदाचित.

अर्ध्या तासानं शिट्टी. वही पिशवीत घेते, शेवटी शिक्का हाय.

दुपार

पडले.

गोल मांडायला दगड उचलला अन् कड गेली. काट्यांसकट. डावा पाय गुडघ्याखाली वाकडा झालाय, बघवत न्हाई. गाळ हाय, म्हणून वाचले. वर तोंड येवढं, ताटायेवढं. उजेड येतोय.

ती हितं न्हाई.

स्कार्फ हाय. शेवंतीची गाठ मारलेला. एक चप्पल. भिंतीवर बोटांच्या रेघा, लई वरपर्यंत. पण ती न्हाई.

कुठं –

आवाज येतोय. पोरी यायल्यात.

छबू. ती वरच हाय. म्हणायली, "ह्यो बघा गोल! मधी दगड! घरी गेली!"

मी गोल मांडलाच न्हवता. दगड हातात व्हता, अजून हातात हाय.

मी वरडले. बायना, मी बायना, हितं खाली. घसा फुटंस्तोवर. जाई म्हणली, "कुणीतरी बायना म्हणून वरडतंय. बायना कोन गं?" छबू म्हणली, "आपल्यात न्हाई कुणी." बाई लांबून म्हणल्या, "पाळूपलीकडं कुणी लेकराला हाक मारत असंल. चला, साहेबांची गाडी आली."

कुणालाच ठावं न्हाई. मीच सांगितलं न्हवतं.

कोपीवाली म्हणून वरडायला पायजे व्हतं. ते सुचायच्या आत पाय वाजत गेले.

शिट्टी झाली. हजेरी. वारं इकडचं हाय, सगळं ऐकू येतंय. छबू, हजर. जाई, हजर. एकेक. मी उभं राहून बघते, भिंत धरून, माझं नाव येईल तवा सगळ्या जोरानं, मनकर्णा म्हणतील तवा मी हितून –

मनकर्णा.

हजर.

केवढा मोकळा आवाज. टाळ्या वाजायल्यात. पथक पुरं हाय, बत्तीस पुऱ्या हायत, कुणीच कमी न्हाई.

ट्रॅक्टर चालू झाला. गाणं म्हणायल्यात.

वरून माती पडायली. कुणीतरी काठावर परत आलंय. वाकलंय. तोंड दिसंना, उजेड मागून हाय. लाल रिबिनी. ती हळूच इचारायली, नाव काय गं तुझं, नाव सांग, मी घरी सांगते, आईला सांगते –

सांगते मी. सांगते. माझं नाव बा –

बारीक अक्षरात लिहिलं व्हतं, पहिल्या पानावर. बघितलं. तिथं नुसता गोल हाय. आत एक