पल्लवीचा आवाज

घाटंजी, ११ नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळ

पल्लवीचा आवाज मले आठवत नाही. आज वावरात कापूस वेचता वेचता हे ध्यानात आलं आणि हातच थांबले. पोरगी जाऊन वर्षही झालं नाही. चेहरा दिसते, वेणी दिसते, तापानं सुकलेले ओठ दिसते. आवाजच नाही. असं कसं होऊ शकते? मी आई आहे तिची.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रोज लिहा, मन हलकं होईल. मी लिहून राह्यली. पण काय लिहिते? भाजी, वेचणी, आलेले पाहुणे. तिच्याबद्दल एक ओळ नाही. भेव लागते.

आता लिहायले बसली तर हे, म्हणजे तिचे बाबा, चिडले. "कायले लिहून राह्यली? लिहून ती वापस येते का?"

मी म्हटलं, "मले तिचा आवाज आठवत नाही. तुमाले आठवते का?"

हे भिंतीले टेकून खाली बसले. मग हळूच म्हणाले, "कॉलेजची बस आली की दारातून ओरडे, बाबा, माहा डबा कुठी ठेवला? आणि डबा तिच्या हातातच राहे." सांगता सांगता हसले, आणि तसेच रडाले लागले. ती गेल्यापासून तिच्याबद्दल आज पहिल्यांदा बोलले.

आवाज मले तरीही ऐकू आला नाही. तिचे शब्द मात्र भेटले. ते लिहून झाले, तर हे जवळ सरकून बसले.

"आणखी एक आठवते," म्हणाले. "लिही."