संघटनेत घेतलं मला

प्रिय आई,

फोनवर बोलले असते तर तू मध्येच ‘जेवलीस का?’ विचारलं असतंस आणि माझं सगळं राहून गेलं असतं. म्हणून कागद. नववीनंतर एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही. चुका दिसल्या तरी मास्तरांकडे नेऊ नकोस, तूच वाच.

बातमी आधी सांगते. इथे अल्माटीत मुलं सांभाळणाऱ्या बायांची संघटना आहे, तिनं मला सभासद करून घेतलं. हसू नकोस. तू म्हणणार, “मेंढ्या राखणाऱ्यांची नाही, मग पोरं राखणाऱ्यांची कसली गं संघटना?” पण मेंढ्यांना कुणी परदेशी नेत नाही ना! माकपालबाई, ज्यांचा दामिर मी सांभाळते, त्या नवऱ्याच्या नोकरीपायी दोन वर्षांसाठी इस्तंबूलला चालल्यात. बरोबर न्यायची ती आया संघटनेतलीच हवी, असं तिकडच्या कंपनीचं म्हणणं. म्हणजे शरदात मी घरी येणार आणि आपण माझ्या अकमरालच्या पायातली दोरी कापणार, हे जे ठरलं होतं ते... थांब, नीट सांगते.

मुलाखतीला मी उशिराच पोचले. वाटेत एकजण उंटिणीचं दूध विकत होता, त्याच्याशी बोलत बसले. पिल्लू शेजारी उभं केल्याशिवाय उंटीण दूधच सोडत नाही म्हणे. ते राहू दे. संघटनेचं ऑफिस चपलांच्या दुकानावर, आणि तिथल्या मुख्य राऊशानबाई म्हणजे अगदी आपल्या गावच्या सुईणीसारख्या, जाडजूड, खणखणीत. “आजवर काय काय केलंस?” म्हणाल्या. मी सांगितलं, इसिक-कुलच्या काठी मासे विकले, बिश्केकला शिलाई केली, डोंगरात पाहुण्यांचे घोडे धरले. “म्हणजे एका जागी बूड टेकत नाही तुझं!” मी म्हटलं, “माझी दोरी ट्रकवाल्या सेयितमामानं कापली होती.” त्या खो खो हसल्या. कझाखच त्या, त्यांच्यातही आहे ही दोरीची रीत. तूच तर माझ्या नावानं बोटं मोडताना म्हणतेस, चालू लागलेल्या पोराच्या पायांना बांधलेली दोरी जो कापतो त्याचीच चाल पोराला लागते.

मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, “मूल पहिलं पाऊल तुझ्यासमोर टाकतं, आई कामावर. संध्याकाळी ती आल्यावर काय सांगशील?” माझ्या आधीची म्हणाली होती, मी व्हिडिओ दाखवीन. तिला घेतलं नाही. मी म्हटलं, काही नाही सांगणार. एवढंच म्हणेन, आज-उद्यात चालेलसं दिसतंय, जरा समोर बसा त्याच्या. आईपुढे टाकेल तेच पहिलं. राऊशानबाईंनी विचारलं, “हे कुणी शिकवलं तुला?”

आणि आई, तेव्हा कुठे मला कळलं. वसंतात मी आले होते, तेव्हा तू दारातच म्हणालीस, “पाऊल टाकलं नाही गं अजून तुझ्या लेकीनं, तुझीच वाट बघतेय कार्टी!” आणि संध्याकाळी ती चुलीपासून डुलत डुलत माझ्याकडे आली. मी रडले, तूही रडलीस. तिला निजवताना बूट काढले, तर तळ पुढच्या बाजूनं झिजलेले. मला वाटलं, कुणाचे तरी जुने घातले असशील. किती दिवस तोंड मिटून होतीस गं? शेजारणींनाही दम भरला असशील. राऊशानबाईंना मी एवढंच म्हटलं, “आमच्या घरातलंच आहे ते.”

सोमवारी निघतेय. नुसत्या पगारासाठी जातेय असं नाही सांगणार, मला समुद्र बघायचाय. तिचा बाप रशियाला गेला तो गेलाच, आता मीही. दोरीसाठी माझी वाट बघू नका. दोरी कोण कापणार म्हणून पोरांची शर्यत लावू नकोस, आणि सेयितमामाला तर फिरकूही देऊ नकोस. तूच काप. तुझी चाल लागू दे तिला, अंगणातून गोठ्यात आणि गोठ्यातून घरात.

पण पत्र लिहिलं ते याच्यासाठी नाही. परवा तू पीठ मळता मळता फोनवर बोलत होतीस, तेव्हा मागून अकमरालची हाक आली, “आई!” तू ओ दिली नाहीस. पुन्हा, “आई!” तू आवाज खाली आणून म्हणालीस, “आजी म्हण, आजी. आई इकडे आहे, फोनमध्ये.” आणि फोन तिच्या कानाला लावलास. ती नुसतीच श्वास घेत राहिली. पावलासारखाच हा शब्दही तू माझ्यासाठी राखून ठेवते आहेस, कळलंय मला. नको ठेवूस. थोरली नात आजीला आई म्हणते आणि आईला ताई, हे काय आपल्यात नवीन आहे? तूही तशीच वाढलीस. ती हाक मारेल तेव्हा ओ दे, आई.

तुझीच थोरली लेक,
सायकाल