झोपलेल्या पहारेकऱ्याला मी जागं केलं

बाबा, मागच्या रविवारपासून माझी तिरंदाज कैदेत आहे आणि तिला तिथं मीच घातलं आहे. तीन माणसं माझ्यावर नाराज आहेत. येत्या रविवारी त्यांच्यासमोर बसून मला सांगायचं आहे, की ऐन वेळी मी असं का केलं. त्यांना सांगण्याआधी एकदा तुम्हाला सांगून बघते. तुम्ही निदान मध्येच हिंदीत हरकत घेणार नाही.

कैद खेळातली आहे, घाबरू नका. तुमची मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली, कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, केसांना मेंदी लावते आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपली की खालच्या मजल्यावर जाऊन किल्ले, राक्षस आणि जादूगारांचा खेळ खेळते. आईला हे कोणाला सांगायची लाज वाटते. मला मात्र तिनं एवढंच म्हटलं, "लहानपणी खेळली नाही, आता खेळून राहिली. खेळू दे." तुम्हाला कसं समजावू? टेबलाभोवती चौघं बसतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात. गोष्टवाला म्हणतो, समोर नदी आहे, पूल तुटलाय, काय करता? मग आपण सांगायचं, आमचा माणूस काय करतो. जमलं की नाही ते बऱ्याचदा फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा असतो, बोराएवढा. पट नाही, सोंगट्या नाहीत, जे काही घडतं ते बोलण्यातच घडतं. आमचा गोष्टवाला दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून एकट्यानंच बोलायची त्याला सवय, त्यामुळे हे काम त्याला छान जमतं. खालच्या मजल्यावरचे नवराबायको उरलेले दोघे. नवरा बँकेत आहे, पालीला घाबरतो, आणि खेळात कुऱ्हाडवाला योद्धा होतो. बायको जादूगार. आणि मी तिरंदाज, चोरपावलांची. सगळ्यांच्या पुढं जायचं, सावलीतून चालायचं, दाराला कान लावायचा, कुलूप उघडायचं आणि कोणाला कळायच्या आत परत यायचं, हे माझं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, कोण होणार, तेव्हा मला विचारसुद्धा करावा लागला नाही.

डॉक्टर मला दीदी म्हणतो. सुरुवातीला एकदा त्यानं विचारलं, "दीदी, कमरे में पहरेदार है, फर्श लकड़ी का है. कैसे जाओगे?" मी म्हटलं, भिंतीच्या कडेकडेनं जाईन, कारण फळी मधे वाजते, कडेला वाजत नाही. दार ढकलण्याआधी थोडं वर उचलून धरेन, कारण बिजागरी दाराच्या वजनानं कुरकुरते. पाऊल आधी बाहेरच्या कडेवर टेकवेन, मग सगळं. खिशातली नाणी रुमालात बांधेन. तो ऐकतच राहिला. "पासा रहने दो," म्हणाला, "ऐसे जाओगे तो कौन सुनेगा?" जादूगारबाईंनी विचारलं, मी कधी नाटकात होते का. मी हसले. त्यांना काय सांगणार, की ही सगळी विद्या आपल्या बीरगांवच्या घरची आहे, नाइट ड्यूटी करणाऱ्या माणसाच्या घरची.

तुम्ही उरल्याच्या सळयांच्या कारखान्यातून सकाळी यायचे. सायकल भिंतीला टेकायची, तुम्ही मोरीत बसून काळं पाणी अंगावरून काढायचे, दोन पोळ्या खायचे आणि मधल्या खोलीत आडवे व्हायचे, डोळ्यांवर गमछा टाकून. आणि आपलं घर थांबायचं. अडचण अशी, की स्वयंपाकघर एका बाजूला, बाहेरचं दार दुसऱ्या बाजूला, आणि मधे तुम्ही. पाणी प्यायला जायचं तरी तुमच्या खाटेजवळून. आई कुकर तुम्ही येण्याआधीच लावायची. हातातल्या बांगड्या वर सरकवून त्यांवर रुमाल बांधायची. कडीला खोबरेल तेल लावायचं काम माझं होतं. स्टीलचा पेला खाली ठेवताना आधी करंगळी टेकवायची, मग पेला, हे धाकट्या भावाला मी शिकवलं. त्याला हसू आलं की तो उशीत तोंड खुपसायचा आणि त्याची पाठ हलत राहायची, ते बघून मग मला हसू यायचं. भाजीवालासुद्धा आपल्या पाऱ्याच्या गल्लीत शिरला की आपलं घर येईपर्यंत ओरडत यायचा, आपल्या दारावरून मुकाट्यानं जायचा, आणि पुढच्या घरापासून पुन्हा वांगी-टमाट्यांचं "भाटा, पताल" सुरू करायचा. त्याला हे कोणी सांगितलं होतं, मला अजून माहीत नाही.

एकदा माझ्या हातून पिठाच्या कोठीचं झाकण सुटलं होतं, आठवतं? पडलं ते पडलं, वर गोल गोल फिरत बसलं. ते थांबायच्या आधी तुम्ही उठून बसला होता, डोळे लाल. मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही मला खाटेवर बसवलं आणि आपली पोटरी दाखवली, जुन्या भाजल्याची चमकणारी कातडी. म्हणाले, "मले झोप नाही भेटली तं तिकडं हात चुकते. चिमट्यातून तापलेली सळई सुटली का ती पाहत नाही कोणाचा पाय आहे. समजलं?" मी मान हलवली. मग माझं तोंड बघून तुमचाच आवाज उतरला. "रडू नको वं माय. झाकणच तं होतं." पण मला जे कळायचं ते कळलं होतं. तोपर्यंत मला वाटायचं, आपण गप्प बसतो ते तुम्हाला राग येऊ नये म्हणून. त्या दिवसापासून मी तुमच्या झोपेवर पहारा द्यायला लागले. तुमचे पाय संध्याकाळी कामावर जातात आणि सकाळी तसेच परत येतात, त्यात माझाही हात आहे, असं मला मनापासून वाटायचं. कोणाला सांगितलं नाही, पण फार मोठं काम वाटायचं ते.

आणि मग ते धनुष्य. दसऱ्याच्या मैदानातून तुम्ही बांबूचं धनुष्य आणलं धाकट्यासाठी, आणि पहिल्या संध्याकाळीच ते माझं झालं. तो रडला नाही, कारण त्याला ते ओढताच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते ट्रंकेमागं ठेवून दिलं. बाण भिंतीला लागला की टक् वाजायचा, आणि तुम्ही झोपलेले. दोन-तीन दिवस तुम्ही बघितलं असणार. एका सकाळी कामावरून आले ते खिशात मशीनच्या जुन्या पट्ट्याच्या रबराचे तुकडे घेऊन. आंघोळ नाही, जेवण नाही, उंबऱ्यावर बसून प्रत्येक बाणाच्या टोकाला रबर बांधलं, एक बाण स्वतः भिंतीवर मारून पाहिला, कान देऊन ऐकलं. "मार आता," म्हणाले. "मी झोपलो असलो तरी मार. नाही वाजत." मग मी तुमच्या खाटेच्या पलीकडं उभी राहून, तुमच्या अंगावरून, समोरच्या भिंतीवर बाण मारायची. तुम्ही गमछ्याखाली झोपलेले आणि तुमच्या वरून माझे मुके बाण जाऊन राहिलेले. इतक्या लाडानं मला पुढं कोणी काही दिलं नाही.

आता मागचा रविवार. आम्ही बरेच महिने खपून एका किल्ल्याच्या आत शिरलो होतो. आतल्या तळघरात एक पुस्तक आहे, ते मिळालं नाही तर जादूगारबाईंची सगळी शक्ती जाणार. तळघराच्या दाराशी एक पहारेकरी. डॉक्टरनं वर्णन सुरू केलं. दिवसाची वेळ आहे. रात्रभर पहारा देऊन हा आत्ताच आडवा झालाय. जोडे काढून शेजारी नीट ठेवलेत. डोळ्यांवर कपडा घेतलाय. किल्ली कमरेला. बँकवाले लगेच म्हणाले, "दीदी, एक तीर. सोया हुआ है, चूकने का सवाल ही नहीं." मी म्हटलं, मारणार नाही. ते म्हणाले, "काहे?" मी म्हटलं, गरज नाही, किल्ली तशीच काढून आणते. सगळ्यांना पटलं. मी निघाले. भिंतीच्या कडेनं, पाऊल बाहेरच्या कडेवर, श्वास तोंडानं. तुमच्या खाटेजवळून पाणी प्यायला जायची तशीच गेले, त्याच्याजवळ वाकले, किल्लीला हात घातला. डॉक्टर रंगात आला होता. हळू आवाजात म्हणाला, "पहरेदार को कुछ पता नहीं. वो हिल भी नहीं रहा."

मी विचारलं, "साँस चल रही है?"

डॉक्टर गोंधळला. "मतलब? सो रहा है, दीदी."

मी म्हटलं, मी त्याला उठवते.

बाबा, तो दिवस शाळेच्या सुट्टीचा होता. मी नववीत, धाकटा पाचवीत. तुम्ही आले, दोन पोळ्यांऐवजी एकच खाल्ली, म्हणाले, "लय थकलो आज," आणि गमछा डोळ्यांवर घेतला. त्या दिवशी घर इतकं शांत होतं, की तसं ते कधीच झालं नव्हतं. आम्ही दोघं भिंतीशी बसून खुणांनी लुडो खेळलो, फासा चादरीवर टाकून. धाकट्याची सोंगटी मारली तरी तो ओरडला नाही, नुसती मूठ दाखवली. शेजारची काकू विरजण मागायला आली तर आईनं ओठांवर बोट ठेवलं, काकूही चपला हातात घेऊन परत गेली. मी दोनदा तुमच्या खाटेजवळून पाणी प्यायला गेले. तुमच्या चहाची वेळ झाली तेव्हा आई म्हणाली, "झोपू दे. थकून आले आज." आम्ही अजून वाट पाहिली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मग तिनं चहा ठेवला, आणि कप देऊन मला पाठवलं. मी हाक मारली. आपल्या घरात तुम्हाला कोणी हाक मारून उठवत नसे, त्यामुळं ती कशी मारायची तेच मला येत नव्हतं, फार हळू मारली. पुन्हा मारली. गमछा मी काढला नाही, तो आईनं काढला. गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी तुमचा हात उचलून पाहिला आणि म्हणाले, सकाळीच गेले असतील, पडल्या पडल्या, काही कळलं नसेल, कोणी काही करू शकलं नसतं. म्हणजे दिवसभर आम्ही तिघं तुमच्यासाठी चवड्यांवर चालत होतो, आणि तुम्ही घरात नव्हतातच.

तर टेबलावर सगळे माझ्याकडं बघत होते. बँकवाले म्हणाले, "अरे, पागल हो क्या? चाबी हाथ में है!" डॉक्टरनं पुन्हा विचारलं, "पक्का, दीदी?" मी म्हटलं, हो. मी त्याच्या खांद्याला हात लावते आणि हलवते. जोरात. हाक मारते, मोठ्यानं.

डॉक्टरनं खांदे उडवले. "ठीक है. वो हड़बड़ाकर उठ बैठा."

उठला, बाबा. मी हलवलं आणि माणूस उठला. डोळ्यांवरचा कपडा त्यानं स्वतःच्या हातानं काढला. पुढं काय झालं ते मला नीट ऐकूही आलं नाही. त्यानं घंटा वाजवली, शिपाई धावून आले, योद्धा खिडकीतून पळाला, जादूगारबाईंची शक्ती गेली, माझ्या तिरंदाजला साखळदंड घातले. इकडं बँकवाले कपाळाला हात लावून बसलेले, त्यांच्या बायकोनं रागानं माझ्यासमोरची भज्यांची प्लेट उचलून नेली, आणि मी खुर्चीत बसून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना वाटलं, हरल्याचं रडू आलं. बाईंनी प्लेट परत आणून ठेवली. मला मात्र इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. घरी वर आले, तर आई म्हणाली, "एवढी काहून खूष दिसून राहिली?" मी म्हटलं, खेळात हरले. ती म्हणाली, "मंग तं कमालच आहे."

आता येत्या रविवारी डॉक्टर विचारणार, पहारेकऱ्याला का उठवलं, कारण त्यावर तो पुढची गोष्ट बेतणार आहे. तिरंदाज सुटते की फासावर जाते, तेही मी काय सांगते त्यावर आहे. सुरुवातीला ठरवलं होतं, की पाय घसरला म्हणून सांगावं. पण ते माझ्या तोंडून कोणी खरं मानणार नाही, आणि माझा पाय घसरला असं मला खेळातही म्हणवत नाही. म्हणून सांगणार आहे. मधली खोली, गमछा, लुडो, सगळं. आईलाही खाली घेऊन जाईन म्हणते, तिला त्या भज्यांची चव आवडेल, आणि तिनं तुमच्याबद्दल कोणाजवळ बोलून फार दिवस झाले.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगणार नाही, आईलाही कधी सांगितली नाही. हा कागद तर कुठं जाणारच नाही, म्हणून इथं लिहिते. त्या दुपारी, चहाचा कप हातात घेऊन मी तुमच्या खोलीकडं येत होते तेव्हा, बाबा, मी फार खूष होते. मला वाटत होतं, आज तुम्ही उठाल, आळस द्याल आणि म्हणाल, आज मस्त झोप झाली. आणि मग मी तुम्हाला सांगणार होते, की दिवसभर मी कोणाला आवाज करू दिला नाही.